डबी न दाबता लागलेला दिवा

१. रिकामा कप्पा

सोलापूरच्या साखर पेठेतील यंत्रमागवाले आबासाहेब पाटकुलकर यांच्या निजावयाच्या खोलीत एक लोखंडी कपाट होते. शुक्रवारी सकाळी त्यांच्या सूनबाई वच्छलाबाई यांनी धुतलेल्या चादरी ठेवण्याकरिता ते उघडले आणि त्या जागच्या जागी थिजल्या. वरच्या कप्प्यात जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली चांदीची समई नाहीशी झाली होती. धोतर मात्र व्यवस्थित घडी घालून तेथेच ठेवलेले होते. कुलूप फोडलेले नव्हते की कडी वाकलेली नव्हती.

ही समई आबासाहेबांच्या स्वर्गवासी पत्नी मुक्ताबाई यांनी केमहून, माहेरची आठवण म्हणून आणलेली होती. अनेक वर्षे ती याच खोलीत तेवली. परंतु आबासाहेबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली आणि छातीही दुबळी झाली. या खोलीत तेलाचा धूर नको असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा वच्छलाबाईंनी समई घासूनपुसून कपाटात बंद केली होती.

त्याच दिवशी सिद्धाराम बिराजदार हे अगदी निराळ्या कामासाठी त्या घरी यावयाचे होते. रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर म्हणून त्यांचे आयुष्य गेले होते, आणि आबासाहेबांशी त्यांचा स्नेह तालमीपासूनचा होता. विजेच्या बटणांपैकी कोणते निवडावे याबद्दल त्यांचा सल्ला हवा होता.

गोष्ट अशी की खोलीतील दिव्याचे बटण दारापाशी होते. अंधार पडला तरी कोणी येईपर्यंत आबासाहेबांना तसेच पडून राहावे लागे. एकदा ते स्वतः उठू गेले आणि पलंगाखाली कोसळले. तेव्हापासून त्यांचे चिरंजीव कुंडलिक यांनी ठरविले की दिवा पलंगावरूनच लावता आला पाहिजे. रेडिओच्या दुकानाचे रामहरी यांनी एकाच दिव्याला तीन साधने परीक्षेसाठी जोडून दिली. पहिले साधन म्हणजे छताला अडकवून पलंगाशी सोडलेली दोरी. ओढली की दिवा लागे, पुन्हा ओढली की मालवे. दुसरे म्हणजे तारेने उशाशी आणलेले, दारावरच्या घंटीसारखे बटण. तिसरे मात्र नवलच होते. मुंबईहून आणलेली ती तळहाताएवढी डबी होती, आणि तिला ना तार ना दोरा. तिची पट्टी दाबली की आतल्या पोलादी कांबीवर हातोडी आपटे. त्या कांबीचा स्वर इतका उंच की माणसाच्या कानाला तो जाणवत नसे, पण दिव्यापाशी बसविलेल्या यंत्राला तो ऐकू जाई आणि दिवा लागे; पुन्हा दाबली की मालवे.

सिद्धारामअण्णांनी चपला काढल्या न काढल्या तोच कुंडलिक सामोरे आले. "काका, बटणाचं मागून ठरवू. आधी चोराचं ठरवायचंय. येडूला सुताच्या खोलीत कोंडलंय. उद्या सकाळी चौकीवर नेतो."

अण्णांची नजर आतल्या पलंगाकडे गेली. आबासाहेबांच्या ओठांशी पेजेचा चमचा धरून वच्छलाबाई केव्हाच्या बसल्या होत्या, आणि ते ओठ मिटलेले होते. सकाळपासून त्यांनी अन्नाचा कण घेतला नव्हता. त्यांना भरवणे, उठवणे, कुशीवर वळवणे हे सारे येडू करी, आणि त्यांच्या घशातल्या एकुलत्या एक आवाजाचा अर्थही येडूलाच कळे.

"दिवेलागणीपर्यंत मला वेळ दे," अण्णा म्हणाले. "तोवर चौकीचं नाव काढू नकोस."

२. खिशातली डबी

येडू सांगोल्याकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरे गेली तेव्हा काठी आणि घोंगडी घेऊन तो शहरात आला आणि या घरी टिकला. सुताच्या गाठोड्यांमध्ये तो गुडघे उभे करून बसला होता. स्वतःविषयी त्याने काहीच विचारले नाही. मालक जेवले का, एवढेच विचारले.

अण्णांनी त्याला आदल्या संध्याकाळची हकिकत विचारली. त्याने सांगितले की ऊन उतरल्यावर नेहमीप्रमाणे मालकांना चाकाच्या खुर्चीत बसवून मागच्या अंगणातील लिंबाखाली नेले. मालकांचा डोळा लागला. अंधारू लागल्यावर त्यांना आत आणले, तो खोलीतला दिवा आधीच लागलेला. खिशातली डबी आपल्याच हातून दाबली गेली असेल असे त्याला वाटले. मग रोजच्यासारखा त्याने मालकांचा लुळा उजवा हात उचलून डाव्या हाताला जोडला. दिव्याला नमस्कार करावयाची मालकांची सवय त्याने कधी मोडू दिली नव्हती.

"मग तू हात कधी जोडतोस?"

"माजे हात मालकाच्या हातात गुतलेले अस्त्यात. मी मनात जोडतो."

"आणि डबी दुसऱ्या कुणाकडे असते?"

"न्हाय. मालकाच्या हातनं पडती, म्हणून माज्याच कोपरीच्या खिशात अस्ती. काल दिसभर माज्याच खिशात हुती की."

अण्णांनी सुस्कारा सोडला. "येडू, एवढं एकच खोटं बोलला असतास तर सुटला असतास."

"खोटं बोलून सुटायचं, मग मालकाला तोंड कसं दावू?"

येडूच्या या प्रामाणिकपणानेच त्याच्या गळ्यात फास अडकला होता. कारण बोळापलीकडच्या चंद्रव्वा यांनी सकाळीच सांगितले होते की काल तिन्हीसांजेला त्या खोलीतला दिवा एकाएकी लागला आणि आत कोणीतरी कपाटाशी उभे होते. कपाटाची एक किल्ली आबासाहेबांच्या उशीखाली असे, सुतात ओवलेली. डबी येडूपाशी, उशी येडूच्या हाताखालची, आणि त्या वेळी घरात मोकळा हिंडणाराही येडूच. कुंडलिकांच्या दृष्टीने हिशेब पुरा झाला होता.

अण्णा बोळ ओलांडून चंद्रव्वांकडे गेले. अक्कलकोटकडची ही वृद्धा दिवसभर खिडकीशी बसून असे. आबासाहेबांच्या खिडकीला दुधी काच असल्याने आतले माणूस तिला सावलीसारखे दिसे; बाई की बुवा हेही कळत नसे. तेव्हा ती सावली माणसाचीच हे कशावरून ओळखले, असे अण्णांनी विचारले.

"अय्य, सोपं हाय की अण्णा. दिवा लागला, आतलं माणूस दचकलं. मग मी हितनं हात जोडले, त्यानं तितनं जोडले."

अण्णा पुढे सरकले. "दोन्ही हात?"

"एका हातानं कोण नमस्कार करतंय? दोन्ही हात, कपाळापतोर."

३. कपाटापुढे

बोळातून परत येताना अण्णांची पावले मंदावली. जो स्वतः डबी दाबतो त्याला दिवा लागणार हे ठाऊक असते. तो दचकत नाही. आणि ज्याच्या एका हातात डबी आहे त्याचे दोन्ही हात जुळत नाहीत. तर मग दिवा लावला कोणी?

हा प्रश्न त्यांनी कुंडलिकांपुढे ठेवला. कुंडलिकांनी तो झटकून टाकला. म्हातारीची नजर ती काय, डबी दाबून खिशात टाकली आणि मग हात जोडले, त्यात काय मोठेसे, असे ते म्हणाले. अण्णा पुरावा शोधण्यास निघाले. शंकेला शंकेने उत्तर देता येते, हे त्यांना नोकरीत पुष्कळदा अनुभवास आले होते.

देवघराच्या उंबऱ्याशी बजाबाई बसल्या होत्या. आबासाहेबांची ही धाकटी बहीण ऐन तारुण्यात विधवा होऊन भावाकडे आली, ती येथलीच झाली. देवापुढे निरांजनात फुलवात जळत होती. बजाबाईंच्या मांडीवर कापूस होता आणि त्या तळहातावर वाती वळत होत्या. वितभर लांब अशा त्या वाती परडीत ओळीने निजवलेल्या होत्या. काल तिन्हीसांजेला आपण सिद्धेश्वराच्या देवळात होतो, घरातले काही ठाऊक नाही, असे त्यांनी मान वर न करता सांगितले.

अण्णांनी सहज विचारले की ही नवी डबी त्यांना कशी वाटते.

"मला काय विचारता? वैनी हुती तवापस्नं दिवेलागण माज्याकडं हुती. आता डबीकडं हाय." असे म्हणून त्यांनी एक वात मोडली आणि पुन्हा वळावयास घेतली.

अण्णा तेथून आबासाहेबांच्या खोलीत आले. डबी आता त्यांनी आपल्या हाती घेतली होती. ती टेबलावर ठेवून तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. थंडीच्या पहाटे सिग्नलची तार आखडते आणि केबिनमध्ये कोणी हात न लावताही सिग्नलचा हात झुकतो. आडगावी अशाच एका सिग्नलपायी एका निरपराध माणसाची नोकरी जाता जाता त्यांनी वाचविली होती. खूण झाली म्हणजे ती नेमलेल्या माणसानेच केली असे नाही. पण येथे तर तारच नव्हती. मग आखडले काय?

"कपाट उघड बरं," ते कुंडलिकांना म्हणाले. "समई कुठं होती ते मला दाखव."

सकाळी चोरी उघडकीस येताच कुंडलिकांनी घरातल्या किल्ल्यांचा जुडगा पत्नीकडून घेऊन स्वतःच्या खिशात टाकला होता. तो त्यांनी बाहेर काढला आणि हवी ती किल्ली खाली यावी म्हणून झटका दिला. किल्ल्या खळखळल्या.

आणि डबी टेबलावर तशीच पडलेली असता डोक्यावरचा दिवा लागला.

४. किल्ल्यांचा आवाज

कुंडलिकांनी जुडगा हातातून टाकला, आणि तो फरशीवर आपटताच दिवा मालवला.

रामहरींना दुकानातून बोलावणे गेले. त्यांनी स्वतः जुडगा हलवून पाहिला, दिवा लागला. पुन्हा हलवला, मालवला. आपण तर मुंबईवाल्याने सांगितले तेवढेच जाणतो, असे त्यांनी मोकळ्या मनाने कबूल केले. अण्णांनी मग त्यांना समजावले की लोखंडावर लोखंड आपटले की आपल्याला ऐकू येणाऱ्या खळखळाटाबरोबर न ऐकू येणारा उंच स्वरही निघतो. यंत्राला डबी दिसत नाही. त्याला कान तेवढे आहेत.

"म्हणजे दिवा किल्लीनं लागला," कुंडलिक म्हणाले. "बरं, मग येडूनं उशीखालची किल्ली काढली असेल."

अण्णांना हेच हवे होते. त्यांनी उशीखालची किल्ली काढली, सुताला धरून हलवली, कपाटात घातली, फिरवली, बाहेर काढली. दिवा लागला नाही. एकटी किल्ली खळखळणार कोणावर? तात्पर्य, काल ज्याने कपाट उघडले त्याच्या हातात हाच जुडगा होता; नमस्काराच्या वेळी तो कुलपातच लटकत असणार. आणि त्याला दिवा लागेल याची कल्पना नव्हती, म्हणून तो दचकला.

"हा जुडगा तिन्हीसांजेला कुठं असतो, वच्छलाबाई?"

वच्छलाबाईंचा चेहरा उतरला; सकाळी कपाट उघडताना दिवा लागला होता, तोही येडूच्या डबीने असे त्यांनी धरले होते. चुलीपाशी बसताना कमरेला टोचतो म्हणून आपण तो स्वयंपाकघराच्या दाराआडच्या खिळ्याला अडकवतो, असे त्यांनी सांगितले. काल भाकरी थापताना त्यांची पाठ दाराकडे होती. येडूचे ताट उंबऱ्याबाहेर दिले जाई. खिळा तर उंबऱ्याच्या आत, दाराच्या मागे. तेथे जुडगा असतो हे त्याला दिसण्याचाही संभव नव्हता. हे बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आले की आपण येडूला सोडवीत आहोत आणि स्वतः त्याच्या जागी उभ्या राहत आहोत.

कुंडलिक पत्नीकडे पाहत होते. ते स्वतः त्या वेळी मागाच्या शेडमध्ये होते. पाळी बदलताना दहा माणसांनी त्यांना पाहिले होते.

"माझ्याकडे असं काय बघताय?" वच्छलाबाई म्हणाल्या. "समई उद्या माझ्याच पदरात पडायची होती. आपल्याच पदरातलं कुणी चोरतं?"

"मग राहिलं कोण?" कुंडलिकांचा आवाज चढला.

"एक साक्षीदार राहिलाय," अण्णा म्हणाले. "त्याला अजून कुणीच काही विचारलं नाही. तो संध्याकाळीच बोलेल."

"कोण तो?"

अण्णांनी पलंगाशी लोंबणाऱ्या दोरीला बोट लावले, आणि ती हलू लागली.

५. दोरीची साक्ष

सूर्य मावळला. अण्णांनी आबासाहेबांच्या खोलीत सर्वांना जमविले. येडूलाही मोकळे करून आणविले; तो भिंतीशी उभा राहिला. अण्णांनी डबी दाबून दिवा लावला. आपापल्या परीने सर्वांचे हात जुळले. आबासाहेबांचा डावा हात तेवढा कपाळाकडे गेला.

"आता बटण कोणतं घ्यायचं ते ठरवू," अण्णा म्हणाले. "दोरी हाताला कशी लागते ते प्रत्येकानं सांगा. एकेकानं ओढून दिवा मालवा, मी पुन्हा लावतो."

कुंडलिकांनी दोरी ओढली; अंधार झाला. अण्णांनी दिवा लावला. रामहरींनी ओढली. वच्छलाबाईंनी ओढली. प्रत्येक वेळी दिवा मालवला आणि पुन्हा लागला. शेवटी पाळी बजाबाईंची आली. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"ओढा की, बजाबाई."

"तिन्हीसांजंला लागलेला दिवा मी न्हाय मालवायची. घरात लक्ष्मी यायची वेळ ही. तुमी काय बी म्हणा."

अण्णांनी डबी खाली ठेवली. ते उभ्यानेच बोलू लागले, आणि त्यांच्या आवाजात ना विजय होता ना राग.

"काल कपाटाशी जे माणूस होतं, त्याच्या डोक्यावर दिवा लागला. चोराला उजेड नको असतो. दोरी हातभर अंतरावर होती, आणि ती कशी ओढायची हे घरात सर्वांना माहीत आहे. तरी त्या माणसानं दिवा मालवला नाही. येडूनं मालकांना आत आणलं तेव्हाही तो जळत होता. पकडलं जाण्याच्या भयापेक्षा भरल्या सांजेचा दिवा मालवण्याचं भय ज्याला मोठं वाटतं, असं माणूस या घरात एकच आहे. त्यानं समई काढून घेतली आणि धोतराची घडी घालून ठेवली. चोर घड्या घालत नाहीत. आणि निरांजनाला फुलवात लागते. वितभर वात लागते ती समईला. या घरात समईच राहिली नाही, तर सकाळपासून त्या वाती कुणासाठी वळल्या जातात?"

बजाबाईंनी पदर तोंडाशी घेतला. मग त्या बाहेर गेल्या. कुंडलिक पुढे सरसावले तसे अण्णांनी त्यांना हाताने थोपविले. थोड्या वेळाने त्या परतल्या. समई त्यांच्या हातात होती, ज्वारीच्या कणगीतून काढलेली. तिच्या पसरट बुडाला चार दाणे चिकटून राहिले होते.

त्यांनी सांगितले ते असे. या घरात आल्या तेव्हा त्यांना कोणी हळदीकुंकवाला बोलावीत नसे, लग्नघरी पुढे येऊ देत नसे. एकट्या मुक्तावहिनींनी काडेपेटी त्यांच्या हाती दिली आणि या घरची दिवेलागण आजपासून तुमची असे म्हटले. तेव्हापासून एक सांजही त्यांनी चुकवली नाही. मग समई कपाटात गेली, आणि रोज तिन्हीसांजेला येडूच्या खिशातून दिवा लागू लागला. काल राहवले नाही. आपल्या खोलीत, दार लावून, एकदाच लावावी आणि उद्या गुपचूप परत ठेवावी असे मनात होते. पण सकाळी बोभाटा झाला, किल्ल्या कुंडलिकांच्या खिशात गेल्या आणि परत ठेवण्याची वाटच बंद झाली. आपण देवळात होतो हे खोटे तोंडातून निघून गेले होते, ते मागे घेण्याचे धैर्य झाले नाही.

"येडूला कोंडलं तवा का गप बसलीस, आत्ती?" कुंडलिकांनी विचारले. रागाच्या भरात ते घरगुती बोलीवर आले होते.

बजाबाई येडूसमोर गेल्या. "तुज्यावर आळ येईल असं माज्या ध्यानी न्हवतं. आला, तवा भ्याले. माजं चुकलं, बाबा."

येडूने खाली पाहिले. "मालक उपाशी हायेत, आक्का," तो म्हणाला. "आदी त्येंचं बगू."

कुंडलिक त्याच्याजवळ गेले. त्यांनी खिशातला जुडगा काढून वच्छलाबाईंच्या हाती दिला, आणि येडूच्या पाठीवर हात ठेवून, सकाळी मी तुझं ऐकायला हवं होतं, एवढेच ते म्हणाले. वच्छलाबाईंनी मात्र जुडगा कमरेला न खोवता मुठीत घट्ट धरून ठेवला. पतीची दुपारची नजर त्या इतक्यात विसरणार नव्हत्या.

राहता राहिला बटणाचा प्रश्न. अण्णांनी डबी रामहरींच्या हवाली केली. कोणाच्याही किल्ल्यांचे ऐकणारे साधन आजाऱ्याच्या खोलीत उपयोगाचे नाही. शिवाय आबासाहेबांच्या बोटांतून ती सुटते. उशाचे बटण चादरीखाली हरवते. दोरी मात्र डाव्या हाताच्या मुठीत नीट बसते. तेव्हा रात्रीसाठी दोरी ठेवावी. "पण दिवेलागण कुठल्याच बटणाकडे देऊ नका," असेही त्यांनी कुंडलिकांना सांगितले. "डॉक्टरांनी धूर नको म्हटलंय, ज्योत नको म्हटलेलं नाही. ओसरीवर खिडकीच्या बाहेर समई ठेवा आणि खिडकीची काच तेवढी साधी बसवून घ्या."

त्या दिवशी काच बदलणे शक्य नव्हते, म्हणून येडूने आबासाहेबांची खुर्ची ओसरीच्या दारात आणली. खोलीतला विजेचा दिवा तसाच तेवत ठेवण्यात आला. तो मालवावा असे कोणी सुचविलेही नाही. ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बजाबाईंनी समई ठेवली, तेल घातले, सकाळी वळलेली वात तिच्यात निजवली आणि काडी ओढली.

ज्योत स्थिर झाली. आबासाहेबांचा डावा हात हळूहळू वर आला. येडू सवयीने उजव्या हाताकडे वाकला, पण तोपर्यंत बजाबाईंनी पुढे होऊन भावाचा तो लुळा हात उचलला होता. त्यांनी तो डाव्या हाताला जोडला आणि तसाच धरून ठेवला.

येडू क्षणभर रिकाम्या हातांनी उभा राहिला. मग त्याने स्वतःचे हात जोडले.